पाचनईच्या डोंगरात भरलेली शाळा

वाचकहो, तुमच्या शेतात पाणी कुठून येते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? कोणी विहीर म्हणेल, कोणी बोअर, कोणी कालवा. मीही आजवर तेच सांगत आलो. माझी जमीन नेवासे तालुक्यात, मुळेच्या उजव्या कालव्यावर. आवर्तन कधी सुटणार, चारीवर आपली पाळी कधी, ती दिवसाची की रात्रीची, एवढाच मुळा नदीशी माझा संबंध. राहुरीजवळचे २६ अब्ज घनफुटांचे धरण मी अनेकदा पाहिले आहे. पण त्या धरणाच्या मागे ही नदी कुठून येते, हे पाहायला साठी उलटेपर्यंत मला सवड झाली नाही. ती सवड शेवटी मुंबईच्या पोरांनी करून दिली.

माझी भाची मुंबईत महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. कार्तिक संपता संपता तिचा फोन आला. "मामा, आठवी-नववीची बत्तीस मुलं घेऊन हरिश्चंद्रगडाला येतोय. तीन दिवस मुक्काम पाचनईला. शेतीतलं कळणारं एक माणूस बरोबर हवंय. येता का?"

मी म्हटले, "अगं, गड चढायचं वय आहे का माझं?"

"चढायचं थोडं, बघायचं जास्त. तुम्ही याच."

गहू पेरून झाला होता, उसाला तोड यायला अवकाश होता. थोरल्याला पाण्याची पाळी सांगितली, पिशवीत घोंगडी कोंबली आणि निघालो.

वीस इंचांपासून वर

संगमनेर, अकोले, राजूर असा माझा रस्ता. मुंबईची मंडळी कसाऱ्याचा घाट चढून घोटी, बारी, शेंडीवरून राजूरला येणार होती. आपल्या भागातून पश्चिमेला निघालात की दर दहा-पंधरा मैलांवर जमीन कूस बदलते, हे तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून नीट पाहा. आमच्याकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास. काळी जमीन, बाभळी, ऊस दिसतो तो केवळ कालव्याच्या जिवावर. अकोल्याच्या पुढे डोंगर जवळ येतात, बाजरी मागे पडते. राजूरच्या पुढे भाताची खाचरे लागतात, उतारावर नाचणी-वरईची कापून झालेली ताटे दिसतात. भंडारदऱ्याच्या वरचे घाटघर तर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणूनच ओळखले जाते. एकच जिल्हा, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण पाऊस मात्र त्याच्या दोन टोकांना दोन देशांचा असावा तसा पडतो.

असे का होते, हे पोरांना राजूरच्या स्टँडवरच विचारले गेले. विचारणारे होते त्यांच्याबरोबर आलेले भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, वर गेले की गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. डोंगर ओलांडून खाली उतरणारा वारा कोरडा असतो. आपण त्या कोरड्या वाऱ्याच्या वाटेवर शेती करतो. हे मी शाळेत घोकले होते. पण सकाळी घरून निघून दुपारी राजूरला पोहोचल्यावर, म्हणजे तो सगळा रस्ता उलटा चालून आल्यावर, ते मला प्रथम समजले.

चौघांची भागी

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या पालिका शाळेतली पोरे, त्यांना एवढा खर्च आणि खटाटोप झेपला कसा? एकट्याच्याने तो झेपत नाहीच. ही चौघांची भागी होती. मुले आणि शिक्षक शाळेचे. डोंगरात सुरक्षित कसे चालायचे, दोर कुठे लावायचा, कोणाला कुठे थांबवायचे, हे पाहायला गिर्यारोहण मंडळाचे पाच तरुण. विज्ञान सांगायला प्राध्यापक आणि वनस्पतिशास्त्राच्या एक बाई. आणि राहणे, जेवण, वाटाडे हे पाचनई गावाचे. दर मुलामागे घरटी किती पैसे द्यायचे, हे आधी गावात बसून ठरवले होते. मुले तंबूत नव्हे, चार-चार अशी गावकऱ्यांच्या घरांत उतरली.

ही कल्पना जगात नवी नाही. १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही येथे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने तरुणांसाठी 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा निघाली. समुद्र आणि डोंगर हेच तिचे वर्ग. एव्हरेस्टवर तेनसिंग पोहोचल्यानंतर १९५४ साली दार्जिलिंगला आपली गिर्यारोहण संस्था सुरू झाली, १९६५ साली उत्तरकाशीला दुसरी. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या टेटन पर्वताच्या पायथ्याशी १९६७ साली शाळकरी मुलांना रानातच विज्ञान शिकवणारी शाळा उघडली. आपल्या मुंबईत तर निसर्ग अभ्यासणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण शाळेत सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात मुलांसाठी सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे. कागदावर सगळे आहे. ते डोंगरापर्यंत चालत आणायला मात्र माणसे लागतात, आणि चार ठिकाणची माणसे एकत्र यावी लागतात.

न शिजणारी डाळ

पहिल्या संध्याकाळी मी ज्या घरी उतरलो होतो तिथे चुलीवर डाळ चढवली होती. आमच्या वाट्याला आलेल्या चौघांपैकी एक पोरगा दादरच्या भाजीबाजारात आजोबांना मदत करणारा. पहाटे चार वाजता कोथिंबिरीची जुडी काय भावाने उतरते, हे त्याला तोंडपाठ. पण कोथिंबीर उगवताना त्याने पाहिली नव्हती. त्याला भूक लागली होती. तो सारखा विचारी, "मावशी, झालं का?"

प्राध्यापक तिथे आले, त्यांनी आधणात उष्णतामापक धरला. पाणी खळखळा उकळत होते, पण पारा शंभराच्या अलीकडेच थांबला. पोरांना वाटले, नळी बिघडली. मग उलगडा झाला. आपण जसजसे वर जातो तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेलाच उकळते. साधारण तीनशे मीटर चढलो की एक अंशाचा फरक. म्हणून उंचावर डाळ उशिरा शिजते. झाकणावर दगड ठेवला की वाफ कोंडते आणि काम लवकर होते.

घरधनीण हसून म्हणाली, "म्हून तर आमी दगूड ठेवतो." झाकणावर दगड आधीपासूनच होता. पाहायला म्हणून प्राध्यापकांनीच तो उचलून बाजूला ठेवला होता!

जेवणात नाचणीची भाकरी, डाळ आणि वालाची उसळ होती. एका पोरीने काळी भाकरी पाहून नाक मुरडले. दुसऱ्या दिवशी गडावरून उतरल्यावर तिनेच तीन मागून घेतल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

डोंगराच्या पायऱ्या

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. पाचनईची वाट ही हरिश्चंद्रगडाच्या वाटांमध्ये सोपी. आधी चढण, मग एका प्रचंड पुढे झुकलेल्या कड्याखालून आडवी वाट, पुढे ओढ्याच्या काठाने वर. रमतगमत तीन तास लागतात. बरोबर पाचनईचे एक आजोबा वाटाडे म्हणून होते, वय सत्तरीच्या पुढे, पायात टायरच्या चपला. माझी फुप्फुसे भात्यासारखी चालत होती आणि ते बोलत बोलत चढत होते.

त्या झुकलेल्या कड्याखाली पोरांना बसवले. "समोरच्या डोंगरात काय दिसतं ते वहीत काढा, नावं नंतर." पोरांनी आडव्या रेघा काढल्या. कड्याची काळी पट्टी, मग झाडीची हिरवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा झाडी. आपला सह्याद्री असा पायऱ्यापायऱ्यांचा आहे, हे तुम्हीही पाहिले असेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळ गेला, पुन्हा लाव्हा आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर. त्यांतला घट्ट दगड कड्यासारखा उभा राहतो. बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला दगड झिजतो, त्याची उतरण होते, तिथे माती धरते आणि झाडे येतात. खालचा नरम थर झिजून आत गेला की वरचा कठीण थर छपरासारखा पुढे राहतो. आम्ही बसलो होतो ते छप्पर असेच झालेले. दगडाच्या भोकांत पांढरे चकचकीत खडे दिसत होते. तेही लाव्ह्यातल्या पोकळ्यांत मागाहून पाण्यातून साठलेले. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो.

दोन थरांच्या मध्ये एके ठिकाणी विटेसारखा तांबडा पट्टा होता. प्राध्यापकांनी विचारले, "हा काय असेल?" पोरे गप्प. आजोबा सहज बोलून गेले, "पानी त्येच्याच वर थांबतं. आमचे समदे झरे या तांबड्या पट्ट्याला धरून हायती. खाली खनलं तर कोरडं."

प्राध्यापक खाली बसले. म्हणाले, "मुलांनो, हे मी तुम्हाला अर्ध्या तासात सांगणार होतो, आजोबांनी एका वाक्यात सांगितलं." एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात दगडाचा वरचा भाग कुजून, वरून भाजून ही चिकट तांबडी माती झाली. वरच्या भेगांतून मुरलेले पाणी तिच्यावर अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कडेला झऱ्याने बाहेर पडते. विहीर कुठे खणावी याचा निम्मा हिशेब या एका पट्ट्यात आहे. मी आयुष्यात तीन बोअर कोरडे मारले. त्या वेळी दगडाचे थर पाहायचे मला सुचले नाही, विचारायला असे कोणी भेटलेही नाही.

गार पाणी आणि कोकणकडा

गडावर हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आहे. चांगदेवांनी इथे तप केले असे मानतात. खालच्या अंगाला केदारेश्वराची गुहा. आत कमरेइतके बर्फासारखे पाणी, मधोमध मोठे शिवलिंग, भोवती चार खांबांच्या जागा आणि त्यांतला एकच खांब धड. हे चार खांब म्हणजे चार युगे आणि उरलेला खांब कलियुगाचा, असे लोक सांगतात. पोरांनी हात जोडले आणि मग एका मुलीने विचारले, "पाऊस दोन महिन्यांपूर्वी थांबला, मग इथे पाणी कुठून?" तिला उत्तर द्यावे लागले नाही. दुसऱ्याच पोराने सांगितले, "वरच्या दगडातून मुरून." सकाळचा धडा अंगी लागला होता. इथून निघणारी मंगळगंगा पुढे मुळेला मिळते. त्या ओढ्यात मी हात बुडवला. वाचकहो, देवळात घातला नसेल एवढ्या भक्तीने मी त्या ओढ्याला नमस्कार घातला. माझा ऊस, माझ्या मुलींची लग्ने, घराची स्लॅब, सगळे या पाण्यावर झालेले.

दुपारी कोकणकडा. हा कडा नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. काठावर पालथे पडूनच पाहायचे, आणि तेही मंडळाच्या तरुणांनी दोर लावून एकेकाला नेले तेव्हाच. खालून वारा असा वर येतो की टाकलेले वाळके पान परत येते. १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र पाहिल्याची नोंद आहे. पाठीशी सकाळचे ऊन आणि पुढे दरीत धुके असले की धुक्यावर आपलीच सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचे पुरते गोल कडे दिसते. आम्ही दुपारी गेलो, धुके नव्हते, आम्हाला ते दिसले नाही.

पण तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. भाचीने कोकणाकडे बोट दाखवून विचारले, "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?" "टाकीतून," असे उत्तर आले. "आणि टाकीत?" मग हळूहळू तानसा, वैतरणा, भातसा ही नावे निघाली. मुंबई पिते ते पाणी याच सह्याद्रीच्या कुशीतले. पूर्वेला उतरले ते माझ्या उसाला, पश्चिमेला उतरले ते त्यांच्या नळाला. तो भाजीवाल्याचा नातू माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे आजोबा, आपण एकाच टाकीचे भाडेकरू." मला हसू आले, पण त्याचे खोटे नव्हते.

दोन डबे आणि एक घड्याळ

उतरताना केलेला एक प्रयोग तुम्हीही घरी करून पाहा. तेलाचे दोन रिकामे डबे घ्या, बुडे कापा. एक रानात पालापाचोळ्याखालच्या मातीत चार बोटे दाबा, दुसरा तुडवलेल्या वाटेवर. दोन्हींत लिटर-लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. आम्ही केले तेव्हा कारवीच्या रानातले पाणी दोन-तीन मिनिटांत जिरले. वाटेवरच्या डब्यातले वीस मिनिटांनीही निम्मे शिल्लक होते. पावसाळ्यात हेच निम्मे पाणी माती घेऊन धावते, आणि ती माती धरणाच्या तळाशी जाऊन बसते. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी मग कारवी दाखवली. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, पण तोवर तिची मुळे उताराची माती धरून असतात. मी माझ्या बांधावर आणि उसाच्या सरीत परत आल्यावर हा प्रयोग केला. सतत ट्रॅक्टर फिरलेल्या माझ्या रानाचा निकाल डोंगरातल्या पायवाटेपेक्षा फार बरा नव्हता, हे कबूल करतो.

एका उतारावर आजोबा थांबले. "इथं पावसाळ्यात ढोरं न्हेत न्हाय आमी." वरच्या अंगाला जमिनीत एक जुनी चीर होती. मग त्यांनी माळीणची गोष्ट काढली. आंबेगाव तालुक्यातले माळीण पाचनईसारखेच डोंगरालगतचे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा उतार गावावर आला. दीडशेच्या वर माणसे गेली. नेहमीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवरही तसेच संकट आले. अतिवृष्टी हे कारण होतेच. माळीणला उतारावरचे सपाटीकरण आणि झाडतोड यांचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत चर्चा झाली.

प्राध्यापकांनी मुलांना खुणा लिहून घ्यायला लावल्या. तुम्हीही घरातल्या पोरांना सांगून ठेवा. उताराच्या वरच्या अंगाला नव्या चिरा पडणे, नितळ झरा एकाएकी गढूळ होणे किंवा नवीनच जागी पाणी फुटणे, झाडे-खांब कलणे, घराची दारे विनाकारण अडकू लागणे. मोठ्या पावसात यांतले काही दिसले तर भांडीकुंडी न बघता माणसे-जनावरे घेऊन बाजूला व्हायचे आणि तलाठ्याला, तहसीलला कळवायचे. डोंगराचे विज्ञान सहलीची हौस म्हणून शिकायचे नसते, ते कशासाठी शिकायचे हे त्या चिरेपाशी सगळ्यांना कळले. पोरे गडबड विसरली होती.

एका आईचा प्रश्न

रात्री देवळापुढे मुलांनी दिवसभराच्या नोंदी वाचल्या. गाव जमले होते. आमची घरधनीण खांबाला टेकून ऐकत होती. सगळे संपल्यावर ती भाचीला म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुमची पोरं आमचा डोंगर शिकून चालली. आमची पोरं दोन दिस त्यांच्या पिशव्या वाहत्यात. आमच्या पोरांला ह्यो डोंगर कोन शिकिवनार?"

कोणी बोलेना. खरे होते ते. गावची सात-आठ पोरे दोन दिवस आमच्याबरोबर होती. दर मुक्कामी पिशव्या उतरवून ती लांब बसत, आणि आम्ही सगळे विज्ञान शिकत असू. माझ्याही पिशवीचे ओझे एका पोरानेच वाहिले होते, आणि मी त्याला नाव विचारले नव्हते. भागी चौघांची म्हणत होतो, पण गावाचा वाटा भाकरी आणि हमाली एवढाच धरला होता.

भाची उठून तिच्यापाशी गेली. "चुकलं आमचं, ताई. उद्यापासून तसं होणार नाही." आणि झालेही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघादोघांच्या जोड्या लावल्या, एक मुंबईचा, एक पाचनईचा, आणि ज्याची पिशवी त्याच्या पाठीवर. गावच्या पोरांनी अर्ध्या तासात आवाजावरून अकरा पक्षी सांगितले. मुंबईच्या पोरांनी ते वेळेसह तक्त्यात मांडले. गावच्या एका पोराने प्रथमच दुर्बिणीतून तांबट पाहिला. रोज ज्याची टुकटुक ऐकली तो पक्षी एवढा रंगीत असतो, हे पाहून त्याने दुर्बीण सोडलीच नाही. कोन मोजायचे यंत्र त्यांनी मिळून बनवले: कोनमापक, दोरा आणि एक खडा. त्याने नाचणीच्या उताराचा कोन मोजला. मला शेतकरी म्हणून बोलावले होते, तेव्हा मी बांबूची ए-आकाराची चौकट बांधून समपातळी रेषा कशी आखतात ते दाखवले. माझे तीन दिवसांतले तेवढेच शिकवणे.

निघण्यापूर्वी गाव आणि शाळा पुन्हा बसले. यापुढे प्रत्येक शिबिरात निम्मी मुले इथली असावीत, आजोबांना वाटाड्याचे नव्हे तर शिक्षकाचे मानधन द्यावे, आणि पाचनईच्या मुलांनी चार दिवस मुंबईला यावे, असे ठरले. समुद्र बघावा, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बघावे आणि कान्हेरीच्या लेण्यांत पाणी कसे साठवले आहे तेही बघावे. हे कितपत पार पडेल, हे पुढचे वर्ष सांगेल. पण ठरवताना गावची पोरे पुढे बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिले.

बियाण्याचे घर

परतीच्या वाटेवर आम्ही वाकडी वाट करून कोंभाळण्याला गेलो. राहीबाई पोपेरे यांचे हे गाव. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणे जपले. बाएफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मातीच्या मडक्यांतून ठेवलेले भाताचे, वाल-घेवड्याचे वाण पाहून भाजीवाल्याचा नातू बराच वेळ तिथून हलला नाही. बाजारात त्याने घेवडा म्हणून एकच जात पाहिली होती. माणसाकडे पदवी नसते तेव्हाही ज्ञान असते, आणि त्याला कोणी संस्था सन्मानाने हात देते तेव्हा ते टिकते, हे तिथे पाटी न लावता कळत होते.

तुम्ही जाणार असाल तर

वाचकहो, तुमच्यापैकी काहींची गावे डोंगराच्या पायथ्याशी असतील. तिथे शहरची पोरे येतात, पुढेही येतील. काजव्यांच्या दिवसांत, जूनच्या तोंडाशी, भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते. काजवे उजेड करतात ते जोडीदाराला बोलावण्यासाठी. गाड्यांच्या दिव्यांत त्यांना एकमेक दिसत नाहीत आणि जी पिढी जन्मायची ती जन्मत नाही. असे येणे आणि आमच्या पोरांचे येणे यांत फरक आहे. तो फरक ठेवायचा तर गावानेच अटी घालाव्यात. मुक्काम घरांत, कचरा परत, संख्या ठरलेली, वाटाड्या गावचा, आणि शिकवणी होईल तिथे आपली पोरे पुढच्या रांगेत. मागायला लाजू नका. त्या माउलीने मागितले म्हणून मिळाले.

आणि तुमचे गाव माझ्यासारखे सपाटीला असेल, तर एकदा पोरांना घेऊन आपल्या पाण्याच्या उगमाला जा. हरिश्चंद्रगडाला जायचे तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत जा, राजूरवरून पाचनई गाठा. हे अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम पाळा. कड्यावर एकटे जाऊ नका, आग्या मोहळाजवळ धूर-अत्तर नको, पाण्याची बाटली परत आणा.

घरी आलो त्याच रात्री आमची पाळी होती. चारीचे दार उघडले, पाणी सरीत शिरले. धाकटा नातू कंदील घेऊन बरोबर होता. "आजोबा, हे पाणी कुठून आलं?" असे काही त्याने विचारले नाही, त्याला झोप येत होती. पण मी त्याला सांगितले. माघात त्याला घेऊन जाणार आहे.